तुब्बाताहाच्या वॉलवर खोल डाइव्ह करायची असेल तर: तयारी, गॅसचं गणित आणि करंट

सुलू समुद्राच्या मधोमध, फिलिपीन्समधल्या पलावानच्या पुएर्तो प्रिन्सेसा बंदरापासून साधारण दीडशे किलोमीटरवर तुब्बाताहा रीफ आहे. उत्तरेचं एक अटॉल म्हणजे प्रवाळाचं कडं, दक्षिणेचं एक, मध्ये आठेक किलोमीटर पाणी आणि थोडं वायव्येला जेसी बीझली नावाचं छोटंसं रीफ. पाण्याच्या वर बघायला गेलं तर वाळूचे एक-दोन तुकडे, हजारो पक्षी आणि एक रेंजर स्टेशन, बस. हॉटेल नाही, दुकान नाही, दवाखाना नाही. खाली मात्र पाच-दहा मीटरवर रीफचा सपाट माथा संपतो आणि तिथून जी उभी भिंत सुरू होते ती शंभर मीटरच्या पुढे जाते, नुसता निळा-काळा रंग दिसतो खाली. १९८८ साली हा नॅशनल पार्क झाला, १९९३ ला युनेस्कोच्या जागतिक वारशात आला, आणि इथे जायचं तर फक्त लाइव्हअबोर्ड म्हणजे राहायची सोय असलेल्या बोटीनेच, तेही मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, कारण बाकी वर्षभर समुद्र तिथे जाऊ देत नाही.

आता मुद्दा. वॉलवर, म्हणजे या उभ्या भिंतीवर, तळ नसतो. आपल्याकडे शिकताना खाली वाळू असते, फार चुकलं तर वाळूवर जाऊन बसाल. वॉलवर तुम्हाला थांबवणारं खाली काहीही नाही, त्यामुळे तळ तुम्हीच ठरवायचा, आणि तो बोटीवर बसून, कोरड्या डोक्याने ठरवायचा, पाण्यात गेल्यावर नाही. हे सगळं जे खाली लिहितोय ते या एका गोष्टीसाठी आहे. आणि आधीच सांगतो, हे वाचून कोर्स होत नाही. डीप डाइव्ह इन्स्ट्रक्टरबरोबरच शिकायची, हे त्याच्या जोडीला वाचा.

आधी कोणी जायचं ते

ओपन वॉटर हा पहिला कोर्स झाला म्हणजे १८ मीटर, अ‍ॅडव्हान्स्ड झालं म्हणजे ३०, डीप स्पेशालिटी केली की ४०, आणि ४० मीटर ही रिक्रिएशनल डायव्हिंगची शेवटची मर्यादा. त्याच्या खाली टेक्निकल डायव्हिंग, वेगळं ट्रेनिंग, वेगळे गॅस, वेगळा सेटअप. एका सिलेंडरवर ४० च्या खाली जाणं म्हणजे धाडस वगैरे काही नाही, जिवाशी खेळ आहे.

मालवण-तारकर्लीला ट्राय डाइव्ह केलेली पुष्कळ मंडळी विचारतात की आता पुढे काय, तर सरळ मार्ग असा की ओपन वॉटर करा, मग अंदमानात हॅवलॉकला थोडे जास्त दिवस काढा, तिथे डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्जसारख्या साइट्स आहेत जिथे तीसच्या आसपास खोली आणि थोडा करंट दोन्हीचा सराव होतो, कर्नाटकातल्या नेत्राणीलाही हात साफ होतो. मालवणच्या पाण्यात कधी कधी पुढचा माणूस नीट दिसत नाही आणि तुब्बाताहाला तीस मीटर पलीकडचं स्वच्छ दिसतं, आणि खरी गडबड या स्वच्छ पाण्यातच होते. खाली पोहणारा मासा वाटतो जवळ, असतो बराच खाली. पाणी स्वच्छ असलं की उजेडही भरपूर, त्यामुळे ३५ मीटरवर असूनही १५ वर असल्यासारखं वाटतं. डोळ्यांवर अजिबात विश्वास ठेवायचा नाही, मनगटावरच्या कॉम्प्युटरवर ठेवायचा.

बऱ्याच बोटी अ‍ॅडव्हान्स्ड सर्टिफिकेट आणि पन्नासेक डाइव्हचा अनुभव मागतात. मला विचाराल तर आकड्यापेक्षा हे बघा: भर निळ्या पाण्यात, काहीही न धरता, ५ मीटरवर तीन मिनिटं तुम्ही एक मीटरसुद्धा वरखाली न होता थांबू शकता का, आणि तसं थांबून एसएमबी म्हणजे बोटीला दिसणारा तो लांबट नारिंगी फुगा, ज्याला सॉसेज म्हणतात, वर सोडू शकता का. हे जमत नसेल तर आधी ते जमवा, तुब्बाताहा कुठे पळून जात नाही.

वजन आणि हवा

वॉलवर जास्त वजन लावून उतरणं ही सगळ्यात धोकादायक सवय. वेटसूट खोल गेला की दाबाने चपटा होतो आणि त्याची तरंगण्याची ताकद निघून जाते, म्हणजे वर तुम्ही नीट असलात तरी २५ मीटरवर दगड झालेले असता, आणि जितकं खाली जाल तितके जास्त जड, जितके जड तितकं जास्त खाली. त्यामुळे घाट उतरताना आपण गाडी आधीच गिअरमध्ये टाकतो तसं, बुडायला लागल्यावर नाही तर उतरतानाच, दर काही मीटरला बीसीडीत, म्हणजे अंगातल्या हवा भरायच्या जॅकेटमध्ये, हवेची छोटी छोटी पुचकी मारत जायचं. एकदम मोठी हवा नाही, कारण मग वर जाताना तीच हवा फुगते आणि तुम्हाला वर ओढते.

वजनाची परीक्षा पहिल्या दिवशीच्या चेक डाइव्हला घ्या. सिलेंडरमध्ये ५० बार (बार हे दाबाचं माप) उरलेले असताना, बीसीडी पूर्ण रिकामं करून, ५ मीटरवर थांबता आलं की वजन बरोबर. अ‍ॅल्युमिनियमच्या सिलेंडरमधून डाइव्हभर दोनेक किलो हवा वापरली जाते, म्हणजे शेवटी तुम्ही तेवढे हलके होता, ते धरूनच वजन लावायचं. दोन किलो कमी चालेल, जास्त नको, असं काही जण म्हणतात, पण कमीसुद्धा नको, सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर यायच्या आधी ५ मीटरवर थांबायचं तिथे, वर उडालात तर तोही त्रासच.

गॅसचं गणित, हे मात्र नीट वाचा

"५० बार राहिले की वर या" हा नियम १२ मीटरच्या डाइव्हसाठी ठीक आहे. खोल वॉलवर तो अपुरा आहे, आणि का ते आकड्यांनीच बघू.

बोटीवर बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमचा ऐंशीवाला (ऐंशी घनफूट हवेचा) सिलेंडर मिळतो, आतली जागा ११.१ लिटर, म्हणजे १ बार म्हणजे ११ लिटर हवा. ३० मीटरवर दाब ४ पट, ४० मीटरवर ५ पट. शांत डायव्हर पृष्ठभागावर मिनिटाला साधारण १८ लिटर ओढतो असं धरलं तर ३० मीटरवर ७२ लिटर, म्हणजे मिनिटाला साडेसहा बार, आणि ४० वर ९० लिटर, म्हणजे मिनिटाला आठ बार. काटा डोळ्यांदेखत खाली येताना दिसतो.

आता वाईटातलं वाईट धरा. तुम्ही ३० मीटरवर आहात आणि बडीचा, म्हणजे तुमच्या जोडीदाराचा, गॅस गेला. आता दोघं एकाच सिलेंडरवर, दोघंही घाबरलेले, म्हणून प्रत्येकी २५ लिटर धरू. पहिलं एक मिनिट सावरायला: २ गुणिले २५ गुणिले ४, म्हणजे २०० लिटर. मग मिनिटाला ९ मीटरच्या वेगाने वर यायला सव्वातीन मिनिटं, वाटेतला सरासरी दाब अडीच पट, म्हणजे ४२० लिटरच्या आसपास. मग ५ मीटरवर तीन मिनिटं, दीड पट दाबाने २२५ लिटर. एकूण ८४५. त्याला ११.१ ने भागलं की ७६ बार. म्हणजे ३० मीटरवर तुमच्याकडे ८० बारपेक्षा कमी असणं म्हणजेच तुम्ही बडीला वर आणू शकत नाही. हेच गणित ४० मीटरसाठी केलं की उत्तर १०३ बार येतं, भरलेल्या सिलेंडरचं अर्धं!

म्हणून माझा साधा नियम: ३० मीटरवरून १०० बारला वर यायला सुरुवात, ४० वरून १२० ला. आणि हे आकडे बडीबरोबर उतरायच्या आधी तोंडाने बोलायचे, "शंभरला मी अंगठा दाखवणार, तू वाद घालायचा नाही." वर चला हा इशारा कोणीही केला की तो अंतिम, कारण विचारायचं ते बोटीवर.

दर मिनिटाला प्रेशर बघायची सवय लावा, आणि एकमेकांचं विचारत राहा. डाइव्ह मास्टर सांगेल म्हणून थांबू नका, त्याच्याकडे चार-पाच जण असतात.

नायट्रॉक्स घ्या, पण त्याचा तळ ओळखा

लाइव्हअबोर्डवर दिवसाला तीन-चार डाइव्ह होतात आणि नायट्रोजन रोज थोडा थोडा साठत जातो, त्यामुळे नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजन आणि कमी नायट्रोजन असलेली हवा, घ्याच, पैसे वसूल होतात. पण ३२ टक्केवाल्या नायट्रॉक्सला स्वतःचा तळ असतो. ऑक्सिजनचा दाब १.४ बारच्या वर जाऊ द्यायचा नाही, आणि ३२ टक्क्यांना तो ३३ मीटरच्या थोडंसं पुढे गाठला जातो. त्याच्या खाली ऑक्सिजन विषारी होऊ शकतो आणि झटका येतो तो आधी काही न सांगता, पाण्याखाली झटका म्हणजे श्वास घ्यायचा रेग्युलेटर तोंडातून गेला. २८ टक्केवाला मिक्स असेल तर बरोबर ४० मीटरला १.४ होतं. हवेवर असाल तर ही भीती नाही, पण मग थांबायची वेळ लगेच संपते, पाडी (PADI) या ट्रेनिंग संस्थेच्या टेबलमध्ये ३० मीटरवर २० मिनिटं आणि ४० वर फक्त ९.

तुब्बाताहाला मी हाच मार्ग सुचवेन: ३२ टक्के नायट्रॉक्स, आणि तळ ३० मीटर. दहा मीटर जास्त खाली जाऊन जे दिसतं त्यापेक्षा नायट्रॉक्सवर आठवडाभर ताजंतवानं राहणं कितीतरी मोलाचं आहे. सिलेंडरमधला ऑक्सिजन स्वतः अ‍ॅनालाइझ करा, टेपवर टक्का आणि कमाल खोली स्वतःच्या हाताने लिहा, आणि कॉम्प्युटरमध्ये तोच टक्का भरा. प्रत्येक डाइव्हला. कालचा ३२ होता म्हणून आजचा ३२ असेलच असं नाही. आणि कॉम्प्युटरमध्ये खोलीचा अलार्म ३० ला लावून ठेवा, तो वाजला की काहीही बघत असाल तरी वर.

नार्कोसिस

तीसच्या आसपास नायट्रोजन डोक्यावर बसायला लागतो. कोणाला एकदम छान, हलकं हलकं वाटतं, कोणाला विनाकारण धाकधूक, कोणी एकाच सी फॅनकडे, म्हणजे पंख्यासारख्या प्रवाळाकडे, बघत बसतो, कोणी प्रेशर बघतो आणि लगेच विसरतो किती होतं. "मला नार्कोसिस होत नाही" असं म्हणणाऱ्यालाही होतो, फक्त त्याला कळत नाही, विचार सगळ्यांचाच मंदावतो. करंटविरुद्ध जोरात फिन मारलं की अंगात कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि नार्कोसिस आणखी चढतो, म्हणून खोलवर कष्ट करायचेच नाहीत. उपाय एकच आणि तो लगेच लागू पडतो, पाच-सात मीटर वर या. धुकं निघून जातं.

बडीशी एक खूण ठरवून ठेवा, मी एक बोट दाखवलं की तू दोन दाखवायची, मी तीन दाखवली की तू चार. उत्तर उशिरा आलं किंवा चुकलं की दोघंही वर. साधी गोष्ट आहे, पण बडी नुसता ओके करत राहतो आणि खरं तर तो तिथे नसतोच, हे यातून पटकन कळतं.

आणि तुब्बाताहाचा खरा मोह सांगू का, तो म्हणजे खाली दिसणारे हॅमरहेड शार्क. तुम्ही २८ वर असता, खाली पन्नासच्या आसपास सावल्या सरकतात, आणि सगळा ग्रुप नकळत खाली जायला लागतो. अशा वेळी कोणीतरी एकाने भिंतीकडे तोंड करून राहायचं, हे आधी ठरवा. भिंत समोर असली की आपण खाली चाललोय हे दिसतं, निळ्यात बघत असाल तर दिसत नाही.

करंट, विशेषतः खाली ओढणारा

उत्तर अटॉलच्या एका साइटचं नावच वॉशिंग मशीन आहे, यावरून काय ते समजा. रीफच्या कोपऱ्यांवर भरती-ओहोटीचं पाणी आपटतं आणि कुठे वर, कुठे खाली, कुठे आडवं वाहतं. पाण्यात उडी मारायच्या आधी चेस बोटीवरून, म्हणजे डायव्हर्सना नेणाऱ्या-आणणाऱ्या छोट्या बोटीवरून, बुडबुडे बघा, कोणाचे तरी आधी उतरलेल्यांचे असतील तर ते कुठे जातात. खाली असताना मासे बघा: करंट कुठून येतो तिकडे तोंड करून मासे उभे राहतात. भिंतीवरचे मासे नाक वर करून पोहत असतील आणि तुमचे स्वतःचे बुडबुडे वर जायच्या ऐवजी चेहऱ्याभोवती घोटाळून खाली चालले असतील तर तुम्ही डाउनकरंटमध्ये आहात.

अशा वेळी सरळ वर फिन मारत सुटू नका, दम आणि गॅस दोन्ही जातात. दोन रस्ते असतात. भिंत अगदी हाताशी असेल तर मेलेल्या, उघड्या दगडाला पकडून जागेवर थांबा, श्वास सावरा, आणि दगडा-दगडाने तिरकं वर सरका. नाहीतर भिंतीपासून लांब, निळ्यात, आडवं पोहा, कारण हे खाली जाणारं पाणी बहुतेक वेळा भिंतीला चिकटून असतं आणि थोडं बाहेर गेलं की त्याचा जोर ओसरतो. बीसीडीत हवा भरायची, पण हात हवा सोडायच्या डंप व्हॉल्व्हवर ठेवून, कारण करंट सुटला रे सुटला की तीच हवा तुम्हाला रॉकेटसारखं वर फेकेल, आणि मग लगेच हवा सोडायची. बडीला धरून ठेवा, एकटं बाहेर पडू नका. आणि सगळं थांबलं की आधी कॉम्प्युटर बघा, काय खोली आहे, किती गॅस आहे, मग पुढचा विचार.

वर यायच्या वेळेला डोळ्यासमोर रीफ नसेल आणि करंट जोरात असेल तर निळ्यातच वर या आणि सॉसेज १०-१२ मीटरवरून सोडा, म्हणजे चेस बोटवाल्याला तुम्ही वर यायच्या आधीच दिसता. शिट्टी, छोटा टॉर्च आणि सिग्नल मिरर खिशात हवाच. सुलू समुद्रात लाटांमध्ये माणसाचं डोकं चारशे मीटरवरून दिसत नाही, उभा सॉसेज दिसतो.

डाइव्हचा आकार

खोल जाणं म्हणजे खोल राहणं नव्हे. चांगली वॉल डाइव्ह अशी असते: उतरताना थेट ठरवलेल्या तळापर्यंत, तिथे आठ-दहा मिनिटं, मग हळूहळू वर वर सरकत अर्ध्याहून जास्त वेळ १८ ते १० मीटरच्या पट्ट्यात, आणि शेवट रीफच्या माथ्यावर. एक तर गॅस जास्त टिकतो, दुसरं नायट्रोजन बाहेर पडायला लागतो, आणि तिसरं म्हणजे बघायला सगळ्यात जास्त याच पट्ट्यात असतं. पाच-दहा मीटरच्या खाली लाल रंग पाण्यात विरून जातो, तीस मीटरवरचे सी फॅन नुसते करडे दिसतात, टॉर्च मारल्याशिवाय त्यांचा तांबडा रंग कळत नाही, तर १२ मीटरवर उन्हात तेच प्रवाळ, जांभळे अँथियास मासे, नेपोलियन रास मासे, ट्रेव्हली माशांचे थवे, लाल सोडून बाकी सगळं कितीतरी जास्त रंगात. शार्क एअरपोर्ट नावाच्या साइटवर वाळूच्या उतारावर व्हाइटटिप शार्क विमानांसारखे रांगेत पहुडलेले असतात, त्यांच्यासाठी खोल जायला लागतच नाही.

दिवसातली सगळ्यात खोल डाइव्ह पहिली करा, नंतरच्या कमी खोल. सेफ्टी स्टॉप तीन मिनिटांचा असतो, पण आठवडाभर डाइव्ह करताना तो पाच करा, बिघडत काही नाही. ५ मीटरवरून पृष्ठभागापर्यंतचे शेवटचे पाच मीटर सगळे जण घाईत येतात आणि तिथेच दाबाचा फरक प्रमाणाने सगळ्यात मोठा असतो, तेवढ्याला पूर्ण मिनिट द्या.

फिन भिंतीला लागू देऊ नका. तिथले बॅरल स्पंज माणूस मावेल एवढे मोठे असतात आणि तेवढं व्हायला त्यांना दशकं लागतात. या रीफवर राखणदार असतात, नौदल, कोस्टगार्ड आणि पार्कचे रेंजर दोन-दोन महिन्यांच्या पाळीने समुद्राच्या मध्यात त्या स्टेशनवर राहतात, घरदार सोडून, आणि त्यांच्यामुळेच तिथे शार्क आहेत. २०१३ च्या जानेवारीत अमेरिकन नौदलाचं गार्डियन हे जहाज इथे रुतलं आणि दोन हजारांहून जास्त चौरस मीटर प्रवाळ चिरडलं गेलं, त्याची भरपाईही अमेरिकेने भरली, पण प्रवाळ पैशाने वाढत नाही. आपल्या एका फिनच्या फटक्याने किती जातं याचा विचार करून पोहा.

काही झालंच तर

डिकम्प्रेशन सिकनेसची, म्हणजे साठलेल्या नायट्रोजनचे अंगात बुडबुडे होण्याच्या आजाराची, लक्षणं डाइव्हनंतर काही तासांतही येतात: सांधे दुखणं, मुंग्या, कातडीवर चट्टे, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळा थकवा. "खांदा लचकला असेल" म्हणून गप्प बसू नका, लगेच सांगा. शंभर टक्के ऑक्सिजन, पाणी, आडवं झोपणं, आणि बोटीच्या कॅप्टनने डॅनला (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, डायव्हर्सना तातडीची मदत देणारी संस्था) फोन. पुन्हा पाण्यात उतरून बरं करायचा प्रयत्न कधीही करायचा नाही. यावर उपचार होतात त्या दाबाच्या चेंबरपर्यंत पोहोचायचं म्हणजे समुद्रातून एक रात्र आणि मग पुढचा प्रवास, म्हणून इथे सगळी मर्यादा घरापेक्षा आणखी आत ओढायची. बुकिंग करताना बोटीला विचारा की ऑक्सिजन किती तास पुरेल, सॅटेलाइट फोन आहे का, प्रत्येक चेस बोटीवर रेडिओ आहे का. नीट उत्तर न देणाऱ्या बोटीवर जाऊ नका, कितीही स्वस्त असली तरी. डायव्हिंगचा वेगळा विमा काढा, नेहमीच्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये चेंबर आणि समुद्रातून बाहेर काढणं बहुतेक वेळा नसतं, अटी वाचा.

पाणी भरपूर प्या, तिथे ऊन आणि सिलेंडरमधली कोरडी हवा दोन्ही अंगातलं पाणी काढतात. दारू शेवटच्या डाइव्हनंतरच. रात्री झोप नीट झाली नसेल किंवा सर्दी असेल तर पहिली खोल डाइव्ह सोडा, कानात दाब सुटत नसताना जबरदस्तीने खाली जाल तर पूर्ण ट्रिपच जाईल.

परतीचं विमान बुक करताना शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास आणि शक्यतो २४ धरा. बोट रात्रभर चालून सकाळी पुएर्तो प्रिन्सेसाला लागते, त्यामुळे शेवटची डाइव्ह आदल्या दिवशी दुपारच्या आत उरकली असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारनंतरचं मनिला विमान आरामात जमतं, सकाळचं मात्र घेऊ नका, तिकीट स्वस्त असलं तरी.